त्याचे थांबे

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं, आणि मान आपोआप तो बसायचा त्या पायरीकडे वळते. तो आता नाही हे मला कळतं, मानेला कोण सांगणार?

गावठीच होता. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, त्याला देवळाली कॅम्पच्या बाजारातून कापडी पिशवीत घालून बसने आणला. बाबा तिथेच एका वर्कशॉपमध्ये फिटर होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आले. पिशवीतून ते नाक बाहेर आलं तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, याचं मी काहीएक करणार नाही. पंधरा दिवसांत मीच त्याच्यासाठी दूधभात कालवत बसले होते. माझ्या प्रतिज्ञा या अशा.

पुढे काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण सकाळचं फिरणं कधी चुकलं नाही. उजव्या हातात काठी, डाव्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या पुढे तो. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला दोघांना पाऊण तास लागायचा. बाबा कुरकुरत घरी यायचे, "लय खांब हुंगतो हा. एरियाचा वायरमन हाय जसा काय."

त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्याभरात तो गेला. नवऱ्याने आणि मी त्याला चुलतदिरांच्या मळ्यात, द्राक्षबागेच्या बांधावर पुरलं. बाबा आले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसले, मांडीवर पट्टा घेऊन. पुढचे दहा-बारा दिवस तिथेच. जेवायला या म्हटलं की येत, बाहेर चला म्हटलं की मान हलवत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात माणूस बसला की बसलाच, पाय एकदा आखडले की पुन्हा घराबाहेर पडणं होणार नाही. त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून रडले. कुत्र्यासाठी रडले की बाबांसाठी, ते खरंच सांगता येणार नाही.

मग मी पदर खोचला. दुसऱ्या दिवशी बाबांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. त्यांचा हात घट्ट धरला, खड्डे चुकवत, बाइकवाल्यांना ओरडत, सरळ चालत निघाले. मला वाटलं, कुत्र्यापेक्षा माणूस बरा. दुसऱ्या वळणावर बाबा जागेवरच थांबले आणि फूटपाथवर खाली बसले.

"मी कुठं हाय?" ते म्हणाले. "मला घरी ने."

ज्या रस्त्याने इतकी वर्षं रोज गेले, तिथे ते हरवले होते, आणि तेही माझा हात धरून. मला फार लागलं ते. घरी आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, "बाबा, माझं चुकलं तरी काय?"

"तू थांबतच नाय," ते म्हणाले.

"कुठे थांबायचं?"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी विजेच्या डीपीचा पत्र्याचा डबा, तिथे घूं असा आवाज येतो. तिथे तो उभा राहिला की रस्ता ओलांडायचा. मग गटाराचं झाकण, काठी आपटली की पोकळ वाजतं. मग पिठाची गिरणी, तिथे गरम पिठाचा वास, तिथून उजवीकडे. मग शिंप्याचं दुकान, मशीनचा आवाज डाव्या कानाला. ज्या थांबण्यावरून ते त्याला रोज रागावायचे, त्याच थांब्यांवर उभं राहून त्यांनी कानाने आणि नाकाने अख्खा रस्ता पाठ केला होता. तो हुंगत असायचा तेवढ्या वेळात. मी थक्क होऊन ऐकत राहिले. आमचा रोजचा रस्ता मी डोळे असून इतका पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातात पट्टा घेतला, रिकामाच. मी प्रत्येक खांबापाशी थांबले. चार ओळखीच्या बायकांनी मला डीपीसमोर पुतळ्यासारखं उभं पाहिलं. पाहू दे. दुसऱ्या वळणावर बाबा या वेळी खाली बसले नाहीत.

शिंप्याच्या पुढे एका बंगल्याच्या बंद लोखंडी फाटकापाशी बाबा आपणहून थांबले.

"इथं काय हाय गं?"

"काही नाही. फाटक आहे."

"आवाज नाय, वास नाय. पण सगळ्यात जास्त इथं थांबायचा. ओढला तरी हलायचा नाय."

तेवढ्यात आतून साखळी घासल्याचा आवाज आला. फाटकाखालच्या फटीतून एक नाक बाहेर आलं. पांढऱ्या मिश्यांचं, ओलं. मी जाळीतून डोकावले. आत एक म्हातारी कुत्री जमिनीला हनुवटी टेकून पडली होती, बांधलेली. तिच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा आला होता. तिने भुंकणं सोडा, हूं की चूं केलं नाही. नुसती हुंगत होती.

मी बाबांना सांगितलं. ते काठीच्या आधाराने हळूहळू खाली वाकले आणि पट्टा फटीपाशी धरला. तिने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगला, मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या अंगावर काटा आला.

"रोज हिच्याकडं येत होतो मी," बाबा म्हणाले, "अन् मला पत्ता नाय."

असे आठ दिवस आम्ही जोडीने गेलो. नवव्या दिवशी मी चप्पल घालेपर्यंत खुंटीवरचा पट्टा नाहीसा झाला होता. मी लपतछपत मागे गेले. ते डीपीपाशी थांबले, झाकणावर काठी वाजवली, गिरणीपाशी उजवीकडे वळले. मी तिथूनच परत फिरले आणि चहाचं आधण ठेवलं. ते दोनदा आटलं, दोनदा पाणी वाढवलं.

मग आमचं फाटक वाजलं. बाबांनी चाचपत खुंटी शोधली, पट्टा अडकवला आणि खुर्चीत बसले.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"व्हनार," ते म्हणाले. "उद्या येतो म्हणून सांगून आलोय तिला."