पदराखालचा हात

नात नगरला एमबीए करते. परवा म्हणाली, "आबा, आम्हाला सौदा कसा करायचा ते शिकवतात." शिकवू देत. मी सौदा घोडेगावच्या बैलबाजारात शिकलो, अन् अर्धा घरी, चुलीपुढं. ती घरातली मास्तरीण फाल्गुनात गेली. नातीला तोंडानं सांगणं होत नाही, म्हणून लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. लग्न नवं, शाळा दुसरीपर्यंत. नगरचे एक चाचा बैलांची दलाली करायचे, त्यांनी मला हाताखाली घेतलं. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा नाही, ही बाजाराची रीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा अन् आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. हात आत आहे तोवर बोलणं चालू. ज्यानं आधी काढला, त्यानं सौदा मोडला.

बोटं मी चटकन शिकलो. तोंड शिकेना. चांगला भाव आला की हसायचो, पडता आला की कपाळाला आठ्या. बाकीचे दलाल रुमालाकडं बघायचेच नाहीत, माझ्या तोंडाकडं बघायचे.

चाचा भडकले. "अरे बेटा, तोंड हाय का गावची दवंडी? पुढच्या बाजाराला असंच झालं तर घरी जा, ढेकळं फोड."

घरी ढेकळंच होती. तिघा भावांना पुरेल एवढं रान नव्हतं. बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली, पिठाचे हात पुसले.

"दावा तरी, कसं दाबत्यात ते."

जादा रुमाल कुठला? कापड रेशनवर. तिनं पदरच हातावर टाकला.

मग रोज भाकरी झाल्या की शाळा. ती गिऱ्हाईक. असला काही भाव दाबायची की मी फिसकन हसायचो.

"हसलात? गेला बैल! आता औताला सोताला जुपा."

तिच्या तोंडावर मात्र रेघ हलायची नाही. डोळे तव्यावर, अन् पदराखाली माझा अख्खा पंजा दाबलेला.

"तू कुठं शिकलीस गं?"

"हितंच. तुमच्या आई मला बोलत्यात तवा माझ्या तोंडावर काय दिसतं का तुमाला?"

पुढच्या बाजाराला गिऱ्हाइकानं लई पडता भाव दाबला. मी बैलाच्या वशिंडाकडं बघत राहिलो, हात काढला नाही. शेवटी आम्ही सांगितलेल्या दरात सौदा पटला. चाचांनी चहा पाजला.

"कुनी शिकवलं?"

"घरी. बायकोनं."

"मग उद्यापास्नं तिला पाठव. तू भाकऱ्या थाप."

हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली. सौद्याच्या शाळेत तेवढी एकदाच.

शेवटी शेवटी तिची वाचा गेली होती. त्या सकाळी खाटेभोवती लेकी, सुना, सगळे जमले. मी गोधडीखाली हात घातला. तिनं पंजा दाबला, पहिल्यासारखा. तोंडावर काही नाही. माझं तोंड दवंडी पिटत होतं, पिटू दे म्हटलं.

मग बोटं सैल पडली. गार झाली.

थोरला म्हणाला, "आबा, हात काढा आता. आई गेली."

कळत होतं. पण मी काढला नाही. त्यानं मनगट धरून काढला.