तीन सारखे आकडे

एम.एस्सी. झाल्यावर वर्गातली मुलं वापीला, अंकलेश्वरला केमिकल कंपन्यांत गेली. मुलींनी बी.एड.चे फॉर्म भरले. मी धुळ्यात घरीच होते. जळगावला ठिबक सिंचनाच्या एका कारखान्यात, पाणी तपासायच्या लॅबमध्ये जागा निघाली. हा शेवटचा इंटरव्ह्यू, नाही जमलं तर बी.एड., असं घरी ठरलं.

पप्पा सोबत आले आणि गेटवर वॉचमनशेजारी बसले.

लॅबचे प्रमुख साठीकडे झुकलेले होते. मी इंग्रजीत उत्तरं पाठ करून गेले होते; त्यांनी काही विचारलंच नाही. पाण्याची बाटली समोर ठेवली. "हार्डनेस काढा. तीन रीडिंग." आणि ते फोनवर बोलायला खिडकीशी गेले.

ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडत गेले; पाण्याचा लालचा निळा रंग झाला तेव्हा ब्युरेटवर १४.६ होतं. मी कागदावर १४.६ तीनदा लिहिलं. कॉलेजात पाच वर्षं आम्ही तसंच करत होतो. एकदा मोजायचं, खाली दोनदा उतरवायचं. परीक्षक त्याभोवती गोल करून सही करायचे.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"बठ्ठा सारखाच शे!" ते हसले. सगळं सारखंच आहे, असं म्हणत होते; अहिराणी मला समजते, बोलता येत नाही. "ब्युरेट कितीदा भरलं?"

हो-नाही करत मी म्हटलं, "एकदाच, सर."

"मग बाकीची दोन काय घरून आणली?"

"कॉलेजात असंच..."

"कॉलेजात शेतकरी नसतो. इथे या आकड्यावरून तो नळ्यांतले क्षार काढायला अ‍ॅसिड सोडतो."

"परत करू का, सर?"

त्यांनी बाटली पुढे सरकवली. या वेळी १४.६, १४.३, १४.५ आलं. त्यांनी कागद ठेवून घेतला. "कळवू."

बसमध्ये पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"कळवू म्हणाले."

पारोळ्याला बस थांबली. मग पप्पा म्हणाले, "बी.एड.ची शेवटची तारीख कधी आहे?"

चौथ्या दिवशी फोन आला. सोमवारपासून या, सहा महिने ट्रेनी.

पहिल्या दिवशी मला लॅबचं रजिस्टर दिलं. मी मागची पानं चाळली. बऱ्याच नोंदींत तिन्ही आकडे एकसारखे होते आणि प्रत्येक पानाखाली सरांची सही होती.

मी नवीन पान काढलं आणि ब्युरेट तीनदा भरलं. त्या सह्यांबद्दल त्यांना अजून विचारलेलं नाही.