शेठ टॅक्सीने गेले
लोअर परळच्या एका गॅरेजवरून जाताना आज गिअर ऑइलचा उग्र वास आला आणि तो जुना राग पुन्हा डोक्यात चढला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. माझा थोरला भाऊ लालबागला एका शेठचा ट्रक चालवायचा आणि मी तिथेच मेकॅनिक होतो. गाडी सुटताना मागून ‘खाड्’ असा आवाज यायचा. त्या सकाळी मी खाली शिरून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट हाताने हलवला. त्याचा सांधा पार खिळखिळा झाला होता.

“शेठ, हा रस्त्यात तुटेल. गाडी काढू नका!” मी खालूनच ओरडलो. मला फक्त त्यांचे पांढरे बूट दिसत होते.

“उद्या हरताळ आहे. माल आजच वरळीला पोचला पाहिजे.”

“जावन येतंय रे,” दादा मला म्हणाला.

पुलाच्या उतारावर शाफ्ट तुटला, त्याने ब्रेकचा पाइप फोडला आणि ट्रक कठड्यावर आदळला. दादाचा पाय गेला. शेठ म्हणाले, “त्याला आवाजाचा धोका कळला नाही, मला कुठून कळणार?”

वरळीला जाताना शेठ नेहमी दादाच्या शेजारी बसायचे. त्या दिवशी ते टॅक्सीने गेले. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, फक्त स्वतःपुरतं.