हिसानागांचं म्याव

तोक्योतल्या त्या गेम कंपनीत परदेशी परवान्यांचा विभाग होता आणि हिसानागा जन्मभर त्याच विभागात होते. नावाला काम खेळ परदेशी धाडायचं. पण ते तिकडे पोहोचू नयेत याचीच तिथे चोख व्यवस्था. कुणी काही मागायला आलं की हिसानागा कमरेत वाकून म्हणत, "जरूर विचार करू." म्हणजे नाही. हे तोक्योत शेंबड्या पोरालाही कळतं. परदेशी पाहुणे मात्र खुशीत विमानात बसत आणि घरी जाऊन खेळ येण्याची तारीखही जाहीर करून मोकळे होत.

एका खेळासाठी मात्र हिसानागांचा जीव तुटत होता. बंदरावरच्या गावाचा ऑनलाइन खेळ. लेक पेरूत नांदत होती, आणि नात मिओ दर रविवारी फोनवर एकच धोशा लावायची, "आजोबा, तुमच्या गावात मला कधी घेणार?" जपानबाहेर ते गाव उघडतच नव्हतं.

हिसानागांनी कंबर कसली. गाण्यांचे हक्क सुटले, चित्रांचे सुटले. अडलं एका मांजरापाशी. त्याचं म्याव कुणाचं? शोधता शोधता ते हिसानागांच्याच घशात सापडलं. ध्वनिमुद्रणाला कलाकार आला नाही म्हणून सर्दीने बसलेल्या आवाजात त्यांनीच ते करून दिलं होतं. करार कुणी करतो म्यावचा!

"मग द्या की परवानगी," हाताखालची मोरिशिता म्हणाली.

"मीच मागू आणि मीच देऊ? नियमात बसत नाही."

"मांजर मुकं करू या."

"त्याला आवाजाच्या मालकाची संमती लागते."

"म्हणजे तुमचीच!"

"तेच तर रडगाणं आहे, बाई."

शेवटी बाहेरचा माणूस व्हायचं म्हणून त्यांनी निवृत्तीच्या मुदतीआधीच नोकरी सोडली. लगेच त्यांच्या खुर्चीवर बसलेली मोरिशिता मिठाईचा डबा घेऊन दारात हजर. "आपलं म्याव परदेशी वापरू द्यावं, ही नम्र विनंती."

हिसानागांना भरून आलं. ते वाकले आणि जित्याची खोड तोंडातून बाहेर पडली, "जरूर विचार करू."

मोरिशिताचा चेहरा पडला. "समजलं, साहेब," म्हणून ती निघून गेली.

चहा ओतताना त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. घरातल्या सपातांनिशी ते रस्त्यावर धावले. शेजारणीच्या हातून झाडू गळाला. मोरिशिता स्टेशनाच्या फाटकापलीकडे पोहोचली होती.

"हो! मोरिशितासान, हो!"

ती घाबरली. कंपनीत हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. "हो म्हणजे... नेमकं काय समजायचं, साहेब?"

गाडी आली. हिसानागांनी फाटक धरलं आणि ते भर गर्दीत जीव खाऊन ओरडले, "म्याव!"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढे एका रविवारी फोन वाजला. "आजोबा, मी आले तुमच्या गावात! पण इथलं मांजर तुमच्यासारखं का बोलतं?"

"त्याला सर्दी झालीय गं," हिसानागा म्हणाले, आणि या खेपेला सर्दी नसतानाच त्यांचा आवाज बसला होता.