आतोबांची सोळा पानं

छापलेली ओळ बिनचूक असू शकते, यावर आमच्या आतोबांचा विश्वास नाही. देवावर आहे, होमिओपॅथीवर आहे, जयपूरच्या सिटी बसवरसुद्धा थोडाफार आहे. पण छापखान्यातून बाहेर पडलेल्या अक्षरावर नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. विम्याच्या नोकरीत बदली होऊन नाशिकहून राजस्थानात आले, राज्यभर फिरले आणि निवृत्तीनंतर प्रताप नगरातल्या फ्लॅटमध्ये स्थिरावले. लग्नाची पत्रिका हातात पडली की माणसं तारीख बघतात. आतोबा खिशातलं लाल पेन काढतात. एका लग्नात तर त्यांनी आहेराच्या पाकिटाबरोबर दुरुस्त केलेली पत्रिकाही वधूपित्याच्या हातात ठेवली होती. हॉटेलात ऑर्डर घ्यायला भैया येऊन उभा राहतो, आणि हे मेनूकार्डातली वेलांटी कुठे चुकली ते त्याला समजावत बसतात. तो बिचारा "जी साब, जी साब" म्हणत राहतो आणि आमचं जेवण लांबत जातं. आत्याचं म्हणणं असं की, "ह्यांनी माझ्या पत्रिकेतसुद्धा शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या. ग्रह बघितलेच नाहीत, म्हणून तर लग्न जमलं!"

हा लाल पेनाचा न्याय बोलण्यालाही लागू. नोकरीनिमित्त मी जयपूरला आलो तेव्हापासून रविवारचं जेवण आत्याकडे असतं. पहिल्याच रविवारी मी नुसतं म्हणालो, "मी सकाळी उशिरा जेवण केलं." आतोबांनी घास खाली ठेवला. "तू केलंस? म्हणजे स्वयंपाक तुझा? मग 'जेवलो' म्हणावं." त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर बोलताना क्रियापदावर येऊन क्षणभर थांबतो, जसा माणूस निसरड्या पायरीवर थांबतो.

अशा माणसानं स्वतःच एक पुस्तिका छापायची ठरवली, हे ऐकून मला घामच फुटला. झालं असं की, इथल्या मराठी कुटुंबांची गणपतीत एक स्मरणिका निघते. मागच्या वर्षी तिच्यात जाहिराती भरपूर, मजकूर चिमूटभर आणि मुखपृष्ठावर 'शुभेच्छा' हा शब्दच चुकीचा. आतोबांनी ती स्मरणिका दोन बोटांत धरून गॅलरीत नेऊन ठेवली आणि जाहीर केलं, "यंदा आपण काढू. घरी. बिनचूक." कॉम्प्युटरची नोकरी करणारा भाचा आयता मिळालेला. मी उत्साहानं म्हणालो, "आतोबा, अशा घरगुती अंकाला हल्ली झीन म्हणतात."

"जीन घोड्यावर घालतात," ते म्हणाले. "आपण पुस्तिका काढतोय."

मजकूर गोळा झाला. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकूंनी जयपुरी हिरव्या मिरच्यांचा ठेचा लिहून दिला. कुणी सांगानेरला रस्ता चुकून विमानतळावर पोहोचल्याची हकिकत दिली. एका गृहस्थांनी वाळवंटावर कविता दिली, तिच्यात समुद्र फार होता. आतोबांनी समुद्र ठेवला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पण खरी लढाई पुढे होती. पुस्तिका मध्ये दुमडून पिन मारायची, तर पहिल्या पानाशेजारी सोळावं पान छापावं लागतं, आणि दुसऱ्याशेजारी पंधरावं. मी सांगितलं, "ही जुळवाजुळव कॉम्प्युटर आपोआप करतो." आतोबांना 'आपोआप' हा शब्द कुठेच चालत नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या पुरवण्या दुमडून नमुने केले, त्यांवर आकडे घातले आणि ते फ्रीजवर, देव्हाऱ्याशेजारी, टीव्हीच्या काचेवर चिकटवले. आत्या बातम्या बघायची ती 'सात' आणि 'दहा' या आकड्यांच्या मधून.

पहिली छपाई घरच्या प्रिंटरवर केली, तर प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी. आतोबांनी कागद बघितला, मग मान वाकडी केली, मग सगळेच वाकडे झाले. "तुझ्या संगणकानं शीर्षासन केलंय," एवढंच म्हणाले. मी कागद उलटायची बाजू बदलली. मग ते सांगानेरहून मुखपृष्ठासाठी हातकागद घेऊन आले, पाकळ्या घातलेला जाड कागद. तो प्रिंटरनं अर्ध्यात गिळला आणि पुढचं सोडलं नाही. शेवटी फाइल घेऊन आम्ही शास्त्री नगरातल्या एका छपाईवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे आमचा फॉण्ट नव्हता, त्यामुळे फाइल उघडताच सगळी जोडाक्षरं फुटून स्क्रीनभर पसरली. आतोबा खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी घाईघाईनं सांगितलं, की फॉण्ट आत घालून पीडीएफ केली की अक्षर हलणार नाही. "मग ते आधी का नाही केलंस?" त्यांनी विचारलं, आणि मी क्रियापद शोधत पेनड्राइव्ह उचलला.

सगळं झालं आणि मग लक्षात आलं, की पानं पंधराच भरताहेत. अशी पुस्तिका चारच्या पटीतच बसते. एक पान उरत होतं. जाहिरात आतोबांना चालेना, आणि कोरं पान तर मुळीच नाही. "कोरं पान म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून ताट न वाढणं," ते म्हणाले. "बघ कुणी लिहितंय का."

मी स्वयंपाकघरात आत्याला म्हणालो, "मिलिंददादाला विचारू?" मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा, जयपुरात वाढलेला, आता बंगळुरूला असतो. आत्यानं गॅस बारीक केला. "नको रे. तो आठ वर्षांचा असताना चार पाहुण्यांसमोर काहीतरी चुकीचं मराठी बोलला. हे हसले. सगळेच हसले. मग ह्यांनी त्याला तेच वाक्य बरोबर करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर तो ह्यांच्याशी हिंदीतच बोलतो. माझ्याशी बोलतो मराठी, पण हे खोलीत आले की थांबतो."

तेव्हा मला उलगडलं, की फोनवर दादा वडिलांना "पापा, आप दवाई ले रहे हैं न?" असं का विचारतो, आणि शुद्ध मराठीचा हा कैवारी त्याला निमूटपणे "हां, ले रहा हूँ" असं का सांगतो. तरीही मी दादाला फोन केला. तो हसला. "मैं? मराठी में? पापा पूरा पन्ना लाल कर देंगे." मी म्हणालो, "नको तर नको." दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर टाइप केलेलं एक पान आलं. सोबत एकही शब्द नव्हता.

रविवारी मी ते लॅपटॉपवर उघडून आतोबांसमोर ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. त्यांची वाचायची पद्धत अशी, की बोट ओळीवरून चालतं आणि चूक आली की पडद्यावर टक् करून आपटतं. बोट चालू लागलं. दादानं लिहिलं होतं: 'बाबा पूरा हफ्ता बाहेर असायचे. त्यांचा स्कूटर घरी असायचा. मी रोज त्याला पुसायची. शनिवारी बाबा येणार मतलब स्कूटर साफ पाहिजे. कोणी नसलं तर मी त्याच्यावर बसून जायची आणि पेट्रोलचा वास घ्यायची. तो मला बाबांसारखा लागायचा. हॉर्न मी नाही वाजवली, कारण की बाबांना पसंत नाही.'

मला हसू आलं. हा उंचापुरा, मिशीवाला दादा 'पुसायची' काय, 'बसून जायची' काय! "आतोबा, बायकी क्रियापदं झालीत सगळी," मी म्हणालो. "थांबा, लगेच दुरुस्त करतो."

"हात लावू नकोस."

बोट 'पुसायची'वर थांबलं होतं, पण आपटलं नव्हतं. आत्या दारात येऊन उभी राहिली. आतोबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हा तिच्यासारखं बोलतो," आतोबा शेवटी म्हणाले. "मराठी ऐकली ती फक्त आईची. मी शनिवारी यायचो, रविवारी निघायचो. तेवढ्यात बोलायचो काय, तर ह्याच्या चुका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ह्याच्या सगळ्या मराठीत मी कुठेच नाही रे. स्कूटरपुरता आहे."

मग त्यांनी एक अजब गोष्ट केली. ज्या पानांचा क्रम त्यांनी जिवापाड राखला होता, तो स्वतःच मोडला. "हे पान मध्ये घाल. जिथे पिन असते तिथे. पुस्तिका हातात घेतली की आपोआप तिथेच उघडते." 'आपोआप' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सगळी जुळणी पुन्हा झाली, नवे नमुने दुमडले गेले, आत्यानं टीव्हीची काच पुन्हा एकदा देऊन टाकली आणि पुस्तिका छापून आली.

गणपतीत ती वाटली. बाकी सगळं खरोखरच बिनचूक होतं, त्यामुळे ते एक पान जास्तच उठून दिसत होतं. ठेच्यावाल्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, मिलिंदच्या पानाचं प्रूफ तपासायचं राहिलं वाटतं."

"तपासलंय," आतोबा म्हणाले. "तसंच आहे ते."

बंगळुरूला कुरिअर गेलं. पुढच्या रविवारी दुपारी आतोबांचा फोन वाजला. त्यांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. पलीकडून दादाचा आवाज आला: "बाबा, तू कसा आहेस?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. वडिलांना 'तुम्ही' म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला फक्त आईशी बोलता येत होतं. मी आतोबांकडे बघत होतो.

"मी बरा आहे," ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगायला सुरुवात केली. "सकाळी मी लवकर उठलो. फिरायला गेलो. येताना भाजी आणली. मग मी चहा प्यायलो. जरा पडलो."

आता दर रविवारी हे असंच चालतं. आठवड्यात काही घडलेलं नसतं, पण आतोबा सगळं सांगतात: मी गेलो, मी आलो, मी बसलो, मी दमलो. पूर्वी ते एवढं कधीच कुणाशी बोलले नव्हते. परवा मी निघायला चप्पल घालत होतो, तेव्हा पलीकडून दादा म्हणाला, "मी पण आत्ताच बाहेरून आले, बाबा. खूप थकले."

"हो ना?" आतोबा म्हणाले. "बस मग जरा. पाणी पी."