आजोबांच्या बुरणुसावर एडक्याची शिंगं

माझी नात प्रतीक्षा चित्रकलेचं शिकते. कॉलेजच्या कामाला तिनं आजोबांचा काळा बुरणूस कापायला मागितला, मी नाही म्हटलं, आणि त्यातून हा प्रवास निघाला. बुरणूस म्हणजे लोकर थापून केलेलं जाड अंथरूण. म्हातारा मेंढरांमागं फिरताना त्यावरच निजायचा, गेलाही त्यावरच.

"त्याच्या चिंध्या करू व्हय?"

"आज्जे, नगरला कझाकस्तानच्या चित्रकारांचं प्रदर्शन आलंय. बघ, मग नाही म्हण."

(मी सांगते, ती टाईप करते. तिची बाजू चांगली वाटली तर कारण समजून घ्या.)

तिसगावहून सकाळची एसटी धरा आणि उजवीकडं बसा, ऊन लागत नाही. पंचाहत्तरीपुढं प्रवास फुकट, पण आधार कार्ड लागतं. कंडक्टर म्हणाला, "आजी, वाटत न्हाई एवढं वय."

"मग फाड की तिकीट."

करंजी घाटात मळमळत असेल तर आवळासुपारी ठेवा. नगरच्या स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. रस्सा परत मागायला लाजू नका.

हॉलमध्ये शिरताच लोकरीचा वास आला आणि मला बरं वाटलं. कझाक लोक राहायचे त्या तंबूच्या माथ्याचं गोल कडं ही त्यांच्याकडं घराण्याची खूण. एकानं ते मोडक्या सायकलींच्या रिंगांचं केलं होतं. पुढं भिंतीवर चक्क बुरणूस, काळ्यावर पांढरी शिंगं. मी हात लावला.

"आज्जे, हात लावायचा नसतो!"

"आन् भिंतीला टांगायचा असतो व्हय?"

तेवढ्यात तो करणारी कझाक बाईच आली. ती इंग्रजीत बोले, प्रतीक्षा मला सांगे. एडक्याची शिंगं म्हणजे भरला कळप, बरकत. हे मला वेगळं सांगायला नको होतं.

"कापून उरलेलं फेकता का?" मी विचारलं.

ती मला समोरच्या भिंतीपाशी घेऊन गेली. तिथं पांढऱ्यावर काळी शिंगं. काळा-पांढरा एकावर एक ठेवून एकदमच कापायचे. याची शिंगं त्यात, त्याची यात शिवायची. काहीच उरत नाही. काळी लोकर तिच्या आईच्या अंथरुणाची होती.

"आई रागावली न्हाई?"

"वर्षभर बोलली नाही. आता पाहुण्यांना घेऊन येते दाखवायला."

घरी आल्यावर मी पेटी उघडली आणि माहेरून आणलेला माझा पांढरा बुरणूस म्हाताऱ्याच्या काळ्यावर टाकला. मेंढरं कातरायची कातर तिच्या हातात दिली आणि गोठ्यात जाऊन बसले. कातरीचा आवाज तिथंही येत होता.

काळा आता कॉलेजच्या भिंतीवर आहे, माझी पांढरी शिंगं घेऊन. पांढरा माझ्या खाटेवर आहे, त्याच्या काळ्या शिंगांचा. शिवणीचा सांधा पाठीला टोचतो. म्हातारा तरी कुठं सुखानं निजू द्यायचा.