काळ्या पट्ट्या
नव्या रिमोटवरचं प्लॅस्टिक सोलताना जो वास येतो, त्याने मला नरोलीतली आमची भाड्याची खोली आठवते. आमलीतून आणलेल्या नव्या रुंद टीव्हीवर आम्ही ताईच्या लग्नाची सीडी पहिल्यांदाच लावली, तर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. आई म्हणाली, "एवढा मोठा घेतला आणि कडेला काळाच? पूर्ण भर ना रे." मी झूम केलं, चित्र पडदाभर झालं आणि तसंच राहिलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा सीडी लागे, तेव्हा अक्षता पडताना आई वडिलांना सुनवायची, "पोरीवर अक्षता टाकायलाही तुम्ही नव्हते." वडील एवढंच म्हणायचे, "मागंच होतो मी." "मग दिसत का नाही?" आई विचारायची. एका रविवारी वडील मसाटला ड्यूटीवर असताना माझ्याकडून भलतंच बटण दाबलं गेलं. पट्ट्या परत आल्या, आणि इतके दिवस वरून कापलं गेलेलं चित्रही. वाऱ्याने मांडव फुगला होता, आणि सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, मागच्या बाकावर चढून, हलणारा खांब छातीशी कवटाळून वडील उभे होते. मंगलाष्टक संपलं तसा त्यांनी एक हात सोडला, अक्षता फेकल्या आणि लगेच पुन्हा खांब धरला. आई उठून पडद्याजवळ गेली. "सगळा मांडव यांनीच धरला होता," ती हळूच म्हणाली. आजही जुनं काही लावलं की माझी मुलगी म्हणते, "पप्पा, फुल स्क्रीन करा ना." मी म्हणतो, थांब, आधी वर कोण उभं आहे ते बघू दे.